काकूंची इंग्रजी पोथी

पुस्तकांची मालिका तिसऱ्या भागापासून वाचायला घेतली तर काय होतं, ते मला विचारा. डोकं पार भंजाळून जातं. कोण जिवंत, कोण मेलेलं, कोण कुणाचा वैरी, काही म्हणता काही पत्ता लागत नाही. पण मी तरी काय करणार? औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात बारावीच्या फिजिक्सचं गाईड शोधायला गेले होते, तिथं ढिगाच्या तळाशी ते सापडलं. काळं कव्हर, त्यावर उंच कुंपण, कुंपणाआड एक मुलगी आणि तिच्यामागं धुरकट दिसणारा एक पोरगा. गाईड राहिलं बाजूला. हा तिसरा भाग आहे हे मला घरी आल्यावर कळलं, आणि तोवर पहिलं प्रकरण रिक्षातच वाचून झालं होतं.

गोष्ट अशी होती. एक शहर आहे, भोवती कुंपण. बाहेर काय आहे कुणाला ठाऊक नाही. पाणी किती मिळणार, कुणी कुठं राहायचं, सगळं वरून ठरतं. पोरगं सोळा वर्षांचं झालं की त्याला एका मोठ्या हॉलमध्ये नेऊन तपासतात, याच्यामागं कुणी मेलेलं माणूस लागलंय का म्हणून. लागलं असेल तर कुंपणाबाहेर हाकलतात. आपल्या नायिकेच्या मागं तिचा मेलेला भाऊ आहे. तो तिच्याशी बोलतो, तिला चिडवतो, आणि ती त्याला जगापासून लपवते. असल्या मालिका तेव्हा आमच्या क्लासमधल्या इंग्लिश मीडियमच्या पोरी फडाफडा वाचायच्या. मी मराठी शाळेतली. मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचायचे, तरी निम्मं डोक्यावरून जायचं. पण पुस्तक हातातून सुटायचं नाही.

आम्ही सिडकोत काकूंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. काकू म्हणजे घरमालकीण. खाली एकट्याच असायच्या. काका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा पुण्याला. आम्ही मूळचे लासूर स्टेशनकडचे, शेतीवाले. वडील चिकलठाण्याला कंपनीत लागले म्हणून शहरात आलो. ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येणार हे नळालाच माहीत. अर्धं शहर टँकरची वाट बघत बसलेलं, आणि जालना रोडला मात्र एकामागून एक इमारती उठतायत. त्या बांधकामांना पाणी कुठून मिळायचं, हे कोडं मला तेव्हाही सुटलं नाही आणि आजही नाही. काकूंच्या अंगणाखाली मोठा हौद होता, काकांनी हट्टानं बांधून घेतलेला. टँकर आला की तो भरायचा आणि वर-खाली दोन्ही घरांना पुरायचं. त्या वर्षांत असं घर मिळणं म्हणजे नशीबच.

त्याच सुमारास काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि एक डोळा काही नीट झाला नाही. श्रावणातली पोथी वाचता येईना. म्हणून मला बोलावणं आलं. आई म्हणाली, "जा की. पुण्य लागतंय, बारावीला कामी येईल." काकूंचे नियम कडक. हातपाय धुवून पाटावर बसायचं, अध्याय मधेच सोडायचा नाही, उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, आणि संपल्यावर हातावर साखर घ्यायची. मी वैतागायचे. पण माझा आवाज चांगला लागायचा, आणि काकू डोळे मिटून अशा ऐकायच्या की मधेच जांभई द्यायची माझी टाप नव्हती.

श्रावण संपला, पोथी संपली. मला वाटलं, सुटले. एका दुपारी जिन्यात बसून वाचत होते तर काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय गं, रोज काय वाचतेस एवढं?"

"गोष्ट आहे काकू. इंग्रजी."

"मग ये की आत. वाच मला."

"तुम्हाला नाही कळायची."

"का? मॅट्रिक झालेय मी! तू वाच, अडेल तिथं अर्थ सांग."

मी आत जाऊन सोफ्यावर फतकल मारली. काकूंनी पाटाकडं बोट दाखवलं. म्हटलं, "अहो काकू, ही काय पोथी आहे का?" तर म्हणाल्या, "वाचणारी आहे, ऐकणारी आहे. अजून काय लागतं?" मला हसू फुटलं. बसले पाटावर. दोन पानं होतात न होतात तोच त्यांना समजलं की हा तिसरा भाग आहे, आणि त्या जवळजवळ ओरडल्याच.

"अगं, तिसऱ्यापासून कुणी सुरू करतं का? अक्कल गहाण टाकलीस काय?"

"मग बंद करू?"

"आता कसं बंद करशील? सुरू झाली ना. अर्धी सोडलेली पोथी चांगली नसते, बाई."

असं ते सुरू झालं. दुपारी कॉलेजातून आलं, जेवलं, की काकूंच्या पाटावर. तिसरा भाग संपला तेव्हा पहिला त्याच दुकानात मिळाला. दुसरा मैत्रिणीकडून उसना. चौथा तर वडिलांच्या मोबाईलवर, बारीक अक्षरात. काकूंनी तो मोबाईलसुद्धा पाटासमोर चौरंगावर ठेवायला लावला.

आणि गोंधळ म्हणजे नुसता गोंधळ. तिसऱ्या भागात जो भाऊ भूत म्हणून वावरत होता, तो पहिल्या भागात हसतखेळत घरात फिरतोय. काकू म्हणाल्या, "हा तर मेला होता ना?" म्हटलं, "अजून मेला नाही. या भागाच्या शेवटी मरतो." काकूंनी बोटांवर भाग मोजले. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला माहितीये आणि त्याला माहीत नाही." त्यानंतर तो पोरगा साधा पाणी प्यायला उठला तरी काकूंच्या डोळ्यांना धारा. त्यांचं बघून मला रडू यायचं. मेलेल्या माणसासाठी आधी रडून झालेलं, आता जिवंत झाल्यावर पुन्हा रडतोय, हा काय प्रकार होता मला सांगता येणार नाही. आपण पुढं चाललोय की मागं, हेच समजेना.

त्यात काकूंचे प्रश्न. "याचं दहावं कुणी केलं?"

"त्यांच्यात नसतं तसलं, काकू."

"मग बरोबर आहे. घुटमळणारच. पिंडाला कावळा शिवला असता तर एवढी पुस्तकं लिहायची वेळच आली नसती."

माझं डोकं फिरायचं. म्हणायचे, "अहो, ते सगळं सरकारबद्दल आहे. सरकार लोकांना दाबून ठेवतं, घाबरवतं, असं सांगायचंय ते लिहिणाऱ्या बाईला." क्लासमधल्या पोरी तसंच म्हणायच्या. काकू शांतपणे म्हणायच्या, "सरकार वाईट आहे, कबूल. पण पोराचं काय?" मी पुढचं पान उलटायचे. आई कधीकधी भाजी निवडत उंबऱ्यात बसून ऐकायची. त्या शहरात कार्ड दाखवल्यावर मोजून पाणी देतात, हे भयंकर वर्णन मी अंगावर काटा येईल अशा आवाजात वाचलं, तर आई म्हणाली, "त्यात काय भ्यायचंय? मिळतंय ना कार्डावर?" मी पुस्तक मिटून आईकडं बघतच राहिले. आता ही गोष्ट भीतीची आहे का नाही, हे मलाही सांगता येईना.

दिवाळीला काकूंचा मुलगा आला. आम्ही त्याला दादा म्हणायचो. भला माणूस होता, थकलेला. आमच्या गल्लीतली शेजारची दोन घरं बिल्डरनं घेतली होती, आता त्याला हे हवं होतं. तीन घरं पाडून मोठी इमारत उठणार होती. दादा खाली बोलत होता आणि वर आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "आई, आता चल. डोळ्याचं असं, गुडघ्याचं असं, पाण्याचे हाल. किती दिवस काढणार इथं?"

काकू पुण्याला एकदा गेल्या होत्या. महिनाभर राहायचं ठरवून गेल्या आणि आठवड्यात परत आल्या. तिथं दिवसभर दारं बंद, बोलायला कुणी नाही, असं त्या आईला सांगत होत्या. हे घर सोडणं त्यांच्या जिवावर येणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि घर गेलं की आम्हीही रस्त्यावरच. वर आई आणि मी जिन्याच्या तोंडाशी कान देऊन उभ्या, काकू काय म्हणतायत म्हणून.

काकू म्हणाल्या, "आत्ता नाही जमायचं. पोथी चालू आहे."

"श्रावण कधीच संपला, आई."

"ही दुसरी. अर्धी टाकून मी कुठं जाणार नाही. संपली की बोलू."

दादा हसला असावा. थोड्या वेळानं मला खाली हाक आली. फाटकाशी उभं राहून त्यानं विचारलं, "किती भाग आहेत गं याचे?"

"पाच."

"आणि पाचवा कुठाय?"

"मिळत नाही."

"मिळत नाही, की..."

माझं टाळकंच सरकलं. "की काय? मी लपवून ठेवलाय असं वाटतंय का तुम्हाला? मला स्वतःला शेवट कळेना म्हणून झोप लागत नाही, आणि तुम्ही..."

"तसं नाही गं," तो म्हणाला. फाटकाची कडी उगाच वरखाली करत राहिला. "मी तिथून फोन लावतो तेव्हा ती म्हणते, पाणी नाही आलं, गुडघा धरलाय. मग मला जेवण जात नाही. तुला काय सांगू." आता या माणसावर चिडायचं की याची कीव करायची? मला दोन्ही एकदम येत होतं. वर आले तर आईनं विचारलं, "काय म्हनला?" मी म्हटलं, "काय नाय." खरंच, मला तरी काय कळलं होतं?

काकू खरंच त्या पुस्तकाला पोथी मानत होत्या, की घर वाचवायला सापडलेली ही पळवाट होती? दादाला वाटायचं पळवाट. आई म्हणायची, "लई हुशार बाई हाय. घर सुटंना म्हनून पुस्तकाला धरून बसलीय." मला दुपारी वाटायचं खरं आहे आणि संध्याकाळी वाटायचं नाटक आहे. विचारायची छाती नव्हती.

पुढच्या खेपेला दादा आला तेव्हा त्याच्या हातात कुरिअरचं पाकीट होतं. माझ्या हातात देत म्हणाला, "घे. मागवलं तुझ्यासाठी." पाचवा भाग! कोरा करकरीत, नव्या कागदाचा वास येणारा. आयुष्यात मला कुणी नवंकोरं इंग्रजी पुस्तक दिलं नव्हतं. मला नाचावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी ते त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. कारण त्यानं पुढं हळूच म्हटलं, "लवकर संपव, हं."

काकूंनी पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. मुलाकडं बघितलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाल्या, आणि ते देवघराच्या खालच्या फळीवर सोवळ्याच्या कपड्यात गुंडाळून ठेवलं. वाचणारीनं एकटीनं पुढं वाचायचं नसतं, म्हणून. म्हणजे पुस्तक माझं, आणि मला हात लावायची चोरी.

त्या रात्रीपासून आमच्या घरात उलटी गंगा वाहायला लागली. जी आई महिनोन्महिने "बारावी हाय तुझी, ठेव ते बाड" म्हणून माझ्या मागं लागायची, तीच सांगायला लागली, "एवढी काय घाई हाय? दोन-दोन पानं वाच. घशाला आराम दे जरा." वडील सुट्टीच्या दिवशी चितेगावकडं खोल्या बघून यायचे आणि मान हलवायचे. खोली असली तर पाणी नाही, पाणी असलं तर कंपनी लांब. आई मला परत बजावायची, "हळू वाच गं बाई."

दादाचा फोन आला की काकू मला द्यायच्या. "कुठवर आलं?" एवढाच प्रश्न. मी म्हणायचे, आलं की, चाललंय. एकीकडं आई मागं ओढतेय, एकीकडं दादा पुढं ढकलतोय, आणि मला तर त्या पोरीचं काय झालं हे कळल्यावाचून अन्न गोड लागत नव्हतं. कुंपणाचं दार तिच्यासमोर होतं आता. भाऊ म्हणत होता, मला जाऊ दे. आणि मी घसा बसला म्हणायचे, क्लास आहे म्हणायचे, प्रॅक्टिकल आहे म्हणायचे. प्रकरण अर्धं सोडायचं नाही या नियमामुळं पानं रोखता येईनात, म्हणून मी दिवस बुडवायला लागले. काकू नुसत्या बघायच्या. साखर मात्र ठेवायच्या हातावर.

पूर्वपरीक्षा तोंडावर आली आणि मी तापानं पडले. टायफॉईड. त्या वर्षी गल्लीत घरटी एक तरी टायफॉईडचा पेशंट होता. डॉक्टर म्हणाले, टँकरचं पाणी उकळून प्या. आई उकळूनच देत होती. कुठं चुकलं, देव जाणे. अंथरुणात पडून मी न्यूटनचे नियम पाठ करायचे आणि ते नियम त्या कुंपणाआडच्या शहराचे आहेत असं वाटायचं. आई कपाळावर पट्ट्या ठेवत रडायची. वर्ष वाया जाणार अशी तिची खात्री झाली होती.

एका दुपारी जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. काकू वर येत होत्या. आम्ही राहायला आल्यापासून त्या कधीच वर आल्या नव्हत्या, गुडघ्यामुळं. आई धावली. काकूंच्या एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात कपड्यात गुंडाळलेलं पुस्तक.

"पाट आहे का गं?" त्यांनी आईला विचारलं.

"काकू, तिला ताप हाय. ती कशी वाचंल?"

"ती नाही. मी वाचणार."

मी उठून बसायला गेले. सगळी खोली फिरली. "नको काकू," मी म्हटलं. "राहू द्या. मला बरं वाटल्यावर वाचू. घाई काय आहे?"

"घाई आहे."

"अहो, संपली की ते तुम्हाला नेणार. घर पाडणार. तुम्हाला माहितीये ना?"

"मला सगळं माहितीये," काकू म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. आईनं दिलेल्या पाटावर त्या भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब केले, भिंग काढलं. "पण पोथी रेंगाळली की ऐकणाऱ्याला काही होत नाही. वाचणाऱ्याला लागतं. मी सांगितलं नव्हतं का तुला, अर्धी सोडलेली चांगली नसते? तू आपली दिवस काढत बसलीस. आणि मीही काढू दिले."

आई म्हणाली, "पाण्यानं झालंय हो ते, काकू. डॉक्टर म्हनले."

"डॉक्टरांना काय माहीत, हिनं काय सुरू केलंय ते?"

आणि त्यांनी उरलेलं शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. एका डोळ्यानं, भिंगातून, बोट ठेवून. मॅट्रिकचं इंग्रजी. एकेक अक्षर लावत, शब्द जुळवत, अडखळत. मुक्काम गाठायला वेळ लागला पण थांबल्या नाहीत. एखादा शब्द लागला नाही की माझ्याकडं बघायच्या, मी तापाच्या गुंगीत अर्थ सांगायचे, बरोबर का चूक कुणास ठाऊक. मधे मधे मला वाटायचं, पाटावर मी बसलेय आणि अंथरुणात काकू आहेत. मधे वाटायचं तो धुरकट पोरगा आमच्या कपाटाला टेकून उभा आहे. आई चहा घेऊन आली आणि तशीच कप धरून दारात उभी राहिली.

शेवटी ती मुलगी कुंपणाचं दार उघडते. भाऊ बाहेर जातो, मागं वळून बघत नाही. ती दारात उभी आहे. पुस्तक संपतं.

काकूंनी पान उलटलं. पुढं कोरं. "म्हणजे ती गेली की राहिली?"

"लिहिलं नाही, काकू."

"असं कसं लिहिलं नाही? एवढं पाच-पाच भाग ऐकायचं आणि शेवटी फलश्रुतीसुद्धा नाही?" त्या खरोखर चिडल्या होत्या. माझ्याकडं बघत होत्या, जणू मीच लिहिलं होतं. मला रडू यायला लागलं. कशासाठी ते कळत नव्हतं. त्या मुलीसाठी, का काकूंसाठी, का मला उगाच वाटत राहिलं होतं की ही बाई आम्हा सगळ्यांना खेळवतेय, त्यासाठी.

काकूंनी पुस्तक कपड्यात बांधलं, कमरेची पुडी सोडून चिमूटभर साखर माझ्या तळहातावर ठेवली, आणि आईला म्हणाल्या, "फोन लाव गं त्याला." आईनं लावला.

"हां, मी बोलतेय. संपली रे पोथी," काकू म्हणाल्या. "ये न्यायला. कधीही ये."

फोन आईकडं देऊन त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "बघ," त्या आईला म्हणाल्या, "उतरतोय की नाही ताप?"

आईनंही हात लावून बघितला आणि म्हणाली, "व्हय काकू. उतरला."

उतरला नव्हता.